विहारातील पालि वर्ग आणि त्याचे पाठ्यपुस्तक

काही वर्षांपूर्वी एका विहारात रविवारचा पालि वर्ग घेत असताना सत्तरीच्या घरातील एका आजींनी प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. "सर, आम्ही बायका 'शरण जाते' म्हणतो, पुरुष 'जातो' म्हणतात. मग वंदनेत सगळेच 'गच्छामि' कसं म्हणतात? आमच्यासाठी वेगळा शब्द आहे का?" पालिमधील वर्तमानकाळी क्रियापदाला पुरुष आणि वचन असते, लिंग नसते, स्त्री असो वा पुरुष, भिक्खु असो वा उपासक, 'गच्छामि' हे रूप सर्वांना एकच, असे उत्तर मी दिले. आजींचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. ज्या पुस्तकावरून मी शिकवीत होतो त्यात त्या दिवशीचा पाठ धातूंच्या सात गणांचा होता. जो प्रश्न शिकणाऱ्याच्या मनात चाळीस वर्षे होता त्याला त्या पुस्तकात कोठेच जागा नव्हती, आणि जे सात गण पुस्तकात होते त्यांविषयी वर्गातील एकाच्याही मनात प्रश्न नव्हता.

त्या वर्गाची पुढील कथा सांगण्यासारखी नाही. पहिल्या रविवारी सभागृह भरले होते. दिवाळीनंतर पुढच्या दोन रांगाच उरल्या. दोष शिकणाऱ्यांचा नव्हता. विद्यापीठाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा विहारात नेला, हा माझा दोष होता. त्यानंतर विहारातील वर्गासाठी पाठपुस्तिका रचण्याचे काम हाती घेतले. त्या कामात जे उमगले ते येथे मांडीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबरच पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून असे वर्ग सुरू करण्याची इच्छा अनेक ठिकाणी व्यक्त होत आहे. वर्ग सुरू करणे सोपे आहे. तो टिकविणे हे बव्हंशी पाठ्यपुस्तकावर अवलंबून असते.

अभ्यासक्रम आखणे म्हणजे काय शिकवावयाचे ते ठरविणे, असे आपण समजतो. वस्तुतः तूर्त काय शिकवावयाचे नाही, हे ठरविणे अधिक कठीण आहे. विहारातील वर्गाला आठवड्यातून दीड तास मिळतो. वर्षाच्या ५२ रविवारांतून सण, परीक्षा, लग्नसराई वगळता ४० हाती लागतात. म्हणजे वर्षाचे ६० तास. म्यानमार व श्रीलंकेतील परंपरेत श्रामणेर कच्चायन किंवा बालावतार हे व्याकरणग्रंथ आधी मुखोद्गत करतो व मग सुत्तांकडे वळतो. त्याच्यापुढे सारे आयुष्य असल्यामुळे तो क्रम त्याला योग्यच आहे. परंतु बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आणि बारावीतील मुलगा ज्या वर्गात शेजारी शेजारी बसतात, तेथे ६० तासांच्या अखेरीस काय साध्य व्हावे, हे आधी एका वाक्यात लिहिले पाहिजे. आम्ही ते असे लिहिले: विद्यार्थ्याने जे तो रोज म्हणतो त्याचा प्रत्येक शब्द सोडवून दाखवावा, आणि एक छोटे गद्य सुत्त कोशाच्या साहाय्याने स्वतः वाचावे. पालि बोलणे, पालिमध्ये रचना करणे, ध्वनिपरिवर्तनाचा इतिहास, हे सारे त्या वाक्याबाहेर राहिले.

येथे आपल्या पूर्वसूरींचे स्मरण ठेवणे उचित होईल. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविले. 'चिमणराव' लिहिणारे चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालिचे प्राध्यापक होते आणि त्यांनी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून पालिचे पाठ्यपुस्तक लिहिले, हे आजच्या वाचकांस क्वचितच ठाऊक असते. बाबासाहेबांनी स्वतः पालि व्याकरण व कोश यांवर परिश्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध केले. १९५६ नंतर लक्षावधी घरांत पालि शब्द रोजच्या उच्चारात आले. इतक्या मोठ्या समाजाने एखादी प्राचीन भाषा रोज उच्चारावी व तिचा अर्थ मात्र दुसऱ्या कोणीतरी सांगावा, ही स्थिती बाबासाहेबांच्या खटाटोपाशी विसंगत आहे. पाठ्यपुस्तक चांगले की वाईट, हा प्रश्न म्हणूनच केवळ अध्यापनशास्त्राचा राहत नाही.

उपलब्ध पुस्तकांपैकी बहुतेकांची वाट संस्कृतमधून जाते. 'हस्त' या संस्कृत शब्दापासून पालिमध्ये 'हत्थ' झाला, असे ती सांगतात. ज्याला संस्कृत येत नाही त्याला यातून एकाऐवजी दोन अनोळखी शब्द मिळतात. मराठी माणसासाठी याहून जवळची वाट आहे, आणि ती उलट्या दिशेने जाते: 'हत्थ' वरून 'हात' कडे. सत्त–सात, अट्ठ–आठ, कण्ण–कान, सप्प–साप, अज्ज–आज, रत्ति–रात, भत्त–भात, मग्ग–माग. जोडाक्षर सुटते व आधीचा स्वर दीर्घ होतो, हा नियम वर्गातील बारावीच्या मुलाने फळ्यावरील चार जोड्या पाहून स्वतःच सांगितला. 'च्छ' चा मराठीत 'स' होतो, हे कळले की पुच्छति म्हणजे पुसतो, मच्छ म्हणजे मासा, कच्छप म्हणजे कासव, हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. 'ळ' हा वर्णही पालिमध्ये आहे. राजगृहाचे वेळुवन उच्चारताना मराठी जिभेला काही नवे शिकावे लागत नाही.

परंतु मराठीचा खरा उपकार शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे. पालि गद्यात भूतकाळ पुष्कळदा कृदन्ताने सांगितला जातो: कर्ता तृतीयेत येतो व कृदन्त कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. इंग्रजीतून लिहिलेली पुस्तके यास कर्मणी प्रयोग म्हणून शिकवितात, कारण इंग्रजीला दुसरा मार्ग नाही. आणि ती पुस्तके वाचून आपला विद्यार्थी 'मुलाकडून भात खाल्ला गेला' असे मराठीत कोणीही न बोलणारे वाक्य लिहितो. वास्तविक पुढील वाक्ये पाहावीत. दारकेन ओदनो भुत्तो: मुलाने भात खाल्ला. दारकेन कथा सुता: मुलाने गोष्ट ऐकली. दारकेन फलं खादितं: मुलाने फळ खाल्ले. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. तिन्ही ठिकाणी मराठी क्रियापद पालिच्या पावलावर पाऊल टाकते. 'एन' च्या जागी 'ने' ठेवा, एवढेच सांगावे लागते. हे वर्गात प्रथम फळ्यावर मांडले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हे आम्हाला येतच होतं की." सुत्तांच्या आरंभी येणारे 'मे' आणि 'सुतं' हे दोन शब्द 'मी ऐकले' या दोन मराठी शब्दांनी जितके नेमके सांगता येतात तितके इंग्रजीत सांगता येत नाहीत. हिंदीभाषकालाही 'ने' चा आधार आहे, परंतु त्याच्याकडे नपुंसकलिंग नाही; तीन लिंगांची सवय मराठी माणसाला लहानपणापासून असते.

तीच गोष्ट 'त्वा' प्रत्ययाची. गन्त्वा म्हणजे जाऊन, कत्वा म्हणजे करून, दिस्वा म्हणजे पाहून. सुत्तातील निवेदन या रूपांवरच चालते: अमुक जवळ जाऊन, वंदन करून, एका बाजूस बसला. मराठी गोष्टही अशीच सांगितली जाते. व्याकरणाच्या पुस्तकांत हा विषय नामांची सर्व रूपे संपल्यानंतर येतो. आमच्या पुस्तिकेत तो तिसऱ्या पाठात आहे. ज्या रूपाची पानोपानी गाठ पडते आणि जे शिकणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळते, ते मागे ठेवण्यात काय अर्थ?

जवळिकीचा धोकाही आहे, आणि तो लहान नाही. 'सरण' हा शब्द घ्या. मराठीत शत्रू शरण येतो. शरण जाणे म्हणजे हार मानणे, स्वतःला दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. पालि 'सरण' म्हणजे आश्रयस्थान. पावसात माणूस छपराखाली जातो तसे जाणे. दोन्ही अर्थांत जे अंतर आहे त्यावर संपूर्ण धम्माविषयीची समजूत अवलंबून असते. 'सिक्खापद' ऐकताच मराठी मनात शिक्षा, म्हणजे दंड, उभा राहतो; मूळ अर्थ शिकण्याचा टप्पा असा आहे, आणि त्यापुढील 'समादियामि' म्हणजे मी स्वतःहून घेतो, अथवा घेते. कोणी आज्ञा करीत नाही. म्हणणाराच स्वीकार करीत असतो. 'वेदना' मराठीत दुखणे आहे, पालिमध्ये सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेलीही. विनय म्हणजे नम्रता नव्हे, छन्द म्हणजे आवडीचा उद्योग नव्हे, चेतना म्हणजे हेतू. सर्वांत फसवा 'काम' हा शब्द आहे. आपले मराठी 'काम' पालि 'कम्म' च्या कुळातले; पालि 'काम' मात्र इंद्रियसुखाची वासना. पंचशीलातील 'कामेसु' चा अर्थ एका तरुणाने 'कामधंद्यात' असा लावला होता. हसण्यासारखे त्यात काही नाही, त्याने मराठीच्या बळावर प्रामाणिक प्रयत्न केला होता. म्हणून प्रत्येक पाठाच्या शेवटी 'ओळखीचा चेहरा, वेगळा अर्थ' अशी चौकट ठेवली आहे, आणि तीत तीनपेक्षा अधिक शब्द घ्यावयाचे नाहीत असा नियम केला आहे.

मुद्रणासंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडील वंदनापुस्तिका या बाबतीत फार बेफिकीर असतात. मराठीच्या प्रचलित शुद्धलेखनात शब्दान्तीचे इकार-उकार दीर्घ लिहिले जातात: कवी, गुरू. मुद्रितशोधक त्याच सवयीने 'भिक्खु' चे 'भिक्खू' करतो. पालिमध्ये मात्र 'भिक्खु' हे एकवचन व 'भिक्खू' हे अनेकवचन आहे. एका उकाराच्या अंतराने एक भिक्खु अनेक होतात, आणि वाक्यातील क्रियापदाशी त्यांचा मेळ बसेनासा होतो. 'सति' म्हणजे स्मृती, जागरूकता. तो शब्द 'सती' असा छापला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते सांगावयास नको. खुद्द भाषेचे नावही मी 'पालि' असेच लिहितो. 'पाली' म्हटले की भिंतीवरच्या आठवतात. उच्चाराविषयीही अशाच सूचना पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हव्यात. मराठीत 'च' आणि 'ज' दोन प्रकारे उच्चारले जातात. पालिमध्ये ते नेहमी तालव्य. 'जरा थांबा' मधील 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाची 'जरा' म्हणून दाखविली की फरक कानाला कळतो. शिवाय मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अकार गिळतो. 'मङ्गल' मधील ल पालिमध्ये पूर्ण उच्चारावा लागतो.

पाठांसाठी कोणता मजकूर निवडावा? प्रारंभ मुखोद्गत असलेल्या शब्दांपासून, हे उघड आहे. परंपरेनेही असेच केलेले दिसते: खुद्दकपाठ हा नऊ लहान पाठांचा संग्रह त्रिशरण व शिक्षापदांनी सुरू होतो, पुढे शरीराचे ३२ भाग मोजतो, मग एक ते दहा अंकांवरील प्रश्न विचारतो. नवशिक्यांची ही पुस्तिका असावी, असे अभ्यासकांचे मत आहे, आणि शिकविणाऱ्याच्या दृष्टीने पाहता ते पटते. केस, नख, दन्त हे शब्द तेथे पालि आणि मराठी अशा दोन्ही वेषांत भेटतात. परंतु गाथांवर फार काळ रेंगाळू नये. गाथा छंदासाठी शब्दांचा क्रम बदलते, रूपे आखडते. वाक्यरचना शिकण्यास ती वाईट गुरू आहे. धम्मपदाच्या ४२३ गाथा कोणास प्रिय नाहीत? तरीही पहिल्या वर्षी त्यांतील मोजक्याच घ्याव्यात आणि लवकर गद्याकडे वळावे.

गद्यासाठी आम्ही दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त निवडले. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या गृहपतिपुत्राला आईवडील, आचार्य, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण याच सहा दिशा होत, असे तेथे सांगितले आहे. विषय घरातला, शब्द नित्याचे, आणि रचना पुनरुक्तीची. ही पुनरुक्ती विद्वानांना कंटाळवाणी वाटते. शिकविणाऱ्याला ती वरदान आहे. पूर्व दिशेसाठी जे वाक्य शब्दाशब्दाने सोडवावे लागले तेच वाक्य दक्षिणेला विद्यार्थी थोड्या मदतीने आणि पश्चिमेला मदतीशिवाय वाचतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. मुद्रित आवृत्त्यांत कागद वाचविण्यासाठी पुनरुक्त भाग 'पे' या खुणेने गाळलेला असतो. पाठ्यपुस्तकात तो गाळलेला भाग सर्वत्र पूर्ण छापला पाहिजे. आवृत्ती विद्वानासाठी असते, त्याला पुढचे ठाऊक असते. विद्यार्थ्याला जे तिसऱ्यांदा वाचावयास हवे तेच आपण त्याच्यापासून काढून घेतो.

विभक्तींच्या तक्त्याविषयी. 'बुद्ध' शब्द आठ विभक्तींत व दोन वचनांत चालविणारा, म्हणजे १६ घरांचा तक्ता सर्वांना परिचित आहे. तो घडाघडा म्हणणारा विद्यार्थी 'गामे' या रूपाशी वाक्यात अडखळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. कारण तक्ता अर्थाकडून रूपाकडे जातो. वाचणाऱ्याला रूपाकडून अर्थाकडे जावयाचे असते. त्याच्यासमोर 'ए' हा शेवट येतो, आणि तो सप्तमीचे एकवचन की द्वितीयेचे अनेकवचन, गावात की गावांना, हे त्याला ठरवावयाचे असते. 'आ' हा शेवट प्रथमेच्या अनेकवचनाचा असेल किंवा पंचमीच्या एकवचनाचा. पहिल्या शीलातील 'पाणातिपाता' हे पंचमीचे रूप आहे, 'प्राणिहत्येपासून', हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण त्याला अनेकवचन समजतात. 'स्स' चतुर्थीचाही व षष्ठीचाही. म्हणून आम्ही उलटा तक्ता केला: डावीकडे शेवट, उजवीकडे त्याच्या शक्यता, आणि प्रत्येक शक्यतेपुढे त्या पाठातीलच एक वाक्य. मराठी शाळेत स-ला-ते, ने-ए-शी, ऊन-हून म्हणत वाढलेल्यांना विभक्ती ही कल्पना नवी नसते. मांडणीच तेवढी त्यांच्या कामाची हवी.

वास्तविक उताऱ्यापासून आरंभ करण्याची ही पद्धत आमचा शोध नव्हे. वॉर्डर यांनी १९६३ च्या पुस्तकात दीघनिकायाच्या गद्याचा आधार घेतला. गेअर व करुणातिलक यांच्या १९९८ च्या पुस्तकात प्रत्येक पाठ मूळ उताऱ्यांनीच सुरू होतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९४ मध्ये प्रकाशित केलेले लिली डी सिल्वा यांचे प्राथमिक पुस्तक उलटपक्षी रचलेल्या सोप्या वाक्यांवर चालते, आणि सरावासाठी ते अजूनही अत्यंत उपयुक्त आहे. या सर्वांनी इंग्रजी जाणणारा वाचक गृहीत धरला आहे. मराठीचा लाभ घेण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

कोश पाहावयास शिकविणे हा स्वतंत्र पाठ आहे. पालि कोशात क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी रूपाखाली देण्याचा प्रघात आहे: 'गच्छामि' शोधणाऱ्याने 'गच्छति' पाहावे. आज मोबाइलवर पालि कोश सहज उपलब्ध आहेत व तरुण त्यांचा सपाटून वापर करतात. परंतु अर्थ बहुधा इंग्रजीत असतात, आणि ज्येष्ठ स्त्रियांचा गट तेथे मागे पडतो. यासाठी पुस्तिकेच्या शेवटी पाठांतील सर्व शब्दांचा मराठी कोश जोडला आहे. अक्षर मोठे ठेवले, डाव्या पानावर मजकूर व समोरच्या उजव्या पानावर शब्दार्थ घातले, म्हणजे पाने उलटावी लागत नाहीत. पृष्ठसंख्या वाढली, खर्चही वाढला. ही काटकसरीची जागा नव्हे.

परीक्षेचे स्वरूप बदलले नाही तर वरील सारे व्यर्थ जाते. 'बुद्ध शब्द चालवा' असा प्रश्न विचारला जाणार असेल तर विद्यार्थी तेवढेच पाठ करील. आम्ही अखेरीस न शिकविलेल्या आठ ओळींचा उतारा देतो, कोश हाती ठेवू देतो आणि वेळेचे बंधन ठेवीत नाही. पहिल्या खेपेस काही जणांनी पुस्तक उघडून परीक्षा देण्यास संकोच केला. ती नक्कल नव्हे हे पटविण्यातच अर्धा तास गेला.

पुस्तिका अद्याप छापलेली नाही. झेरॉक्स प्रतींवर वर्ग चालतो. प्रत्येक पानाची कड रुंद कोरी ठेवली आहे, तेथे विद्यार्थ्यांनी शंका लिहावयाच्या आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रती गोळा करावयाच्या, अशी व्यवस्था आहे. गेल्या खेपेस सर्वाधिक शंका 'भन्ते' या शब्दाभोवती होत्या: हे कोणत्या शब्दाचे रूप, त्याची इतर रूपे कोणती, अनेक भिक्खूंना उद्देशून काय म्हणावे. पहिल्या पाठातच उत्तर द्यावे तर संबोधनाचा विषय काढावा लागतो. संबोधनाच्या पाठापर्यंत थांबावे तर रोज उच्चारला जाणारा शब्द दहा रविवार अनुत्तरित राहतो. तूर्त पहिल्या पानाच्या तळाशी दोन ओळींची टीप घातली आहे, आणि पावसाळ्यातील वर्ग तिच्याविषयी काय विचारतो याची वाट पाहत आहोत.